ती हजार फ्रेजेसची पीडीएफ डिलीट करून टाका

प्रश्न : मी कळव्याला राहते, वय २६. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात अकाउंट्स प्रोसेसिंगचं काम करते, क्लायंट अमेरिकेतले. ईमेल जमतात, ग्रामर बरं आहे. पण कॉलवर ती माणसं बोलायला लागली की सगळे शब्द ओळखीचे असूनही अर्थ लागत नाही. मध्यंतरी क्लायंट व्हेंडर पेमेंट्सबद्दल म्हणाली, ‘लेट्स पुट इट ऑफ टिल थर्सडे.’ मला ‘ऑफ’ आणि ‘थर्सडे’ एवढंच कळलं. वाटलं, गुरुवारपासून बंद करायला सांगतेय. मी अख्खी बॅच रद्द केली. ती परत भरायला टीम रात्री उशिरापर्यंत थांबली. कोणी ओरडलं नाही, पण तेव्हापासून मुलं मला ‘ऑफ मॅडम’ म्हणतात.

मग मी हजार फ्रेजेसची एक पीडीएफ घेतली. ट्रेनमध्ये रोज वीस पाठ करते, घरी भावामुळे टीव्हीवर सतत मॅच चालू असते. सुरुवात ‘गेट’पासून केली, तर गेट ओव्हर, गेट बाय, गेट थ्रू, गेट अराउंड सगळं एकमेकांत मिसळलंय. ठाण्याला स्टेशनजवळ एक क्लास आहे, तीन महिन्यांचे अठरा हजार सांगतात. लावू का? की मराठी माध्यमवाल्यांना हे जमतच नाही? माझे तीन-चार मेल सोबत जोडलेत, तेही बघाल का?

– एक वाचक, कळवा

उत्तर :

मराठी माध्यमाचा मुद्दा आधी निकालात काढू. क्रियापदापुढे एखादा चिमुकला शब्द जोडायचा आणि अर्थ पार फिरवायचा, ही इंग्रजीची खोड बाहेरच्यांना सगळ्यात जास्त छळते. हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. तेव्हा हा त्रास मराठी माध्यमापेक्षा बराच जुना आहे. तुमच्या टीममधली इंग्रजी शाळेतली मुलं इथे कमी अडखळतात, कारण त्यांच्या कानावर हे जास्त पडलंय. त्यांनीही पाठ केलेलं नाही.

आणि तुम्हाला स्वतःला हा प्रकार नवा नाही. ऑफिसात कोणी बाहेरून आलेलं मराठी शिकत असेल तर त्याला ‘करून टाक’, ‘करून ठेव’, ‘करून बघ’ आणि ‘करून बसला’ यांतला फरक समजावून सांगा बरं. ‘दूध पिऊन टाक’मध्ये काही टाकायचं नाही. ‘भलतंच बोलून बसली’ म्हणताना ती उभीही असू शकते. ‘भाजी चिरून ठेव’ म्हटलं की संध्याकाळी लागणार आहे हे आपोआप कळतं. तुम्हाला हे कुणी ‘टाकणे : अर्थ पहिला, अर्थ दुसरा’ असं शिकवलं नाही. आई ओट्यापाशी उभी राहून बोलत होती, तुम्ही ऐकत होतात. शाळेत वाक्प्रचारांचे वाक्यात उपयोग केले ते मार्कांपुरते. ‘हात टेकले’ आणि ‘हात दिला’ यांत तुमचा गोंधळ त्या धड्याआधीही होत नव्हता.

म्हणून माझं स्पष्ट मत : ती पीडीएफ डिलीट करून टाका. तुमची स्मरणशक्ती ठीक आहे, यादीची रचनाच चुकीची आहे. एकाच क्रियापदाची वीस भावंडं एका पानावर ठेवली की ती एकमेकांच्या अंगावर पडणारच. रूप सारखं, अर्थ लांबलांबचे, आणि धरून ठेवायला प्रसंग कुठलाच नाही. त्यात तुमचा प्रवास. कळव्याहून उलटं ठाण्याला यायचं, नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी पकडायची आणि दहा-बारा मिनिटांत ऐरोलीला उतरायचं. त्या गर्दीत पर्स सांभाळायची की ‘गेट अराउंड’? (ट्रान्सहार्बरची लाइन कळव्याला लागूनच जाते आणि तिथे थांबत मात्र नाही, हे कळवेकरांचं जुनं दुखणं माझ्या सदरात सुटणारं नाही.)

आता हजाराच्या आकड्याबद्दल. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणून दहा कोटी शब्दांचा एक संग्रह आहे, त्यात खऱ्याखुऱ्या लिहिण्याबोलण्यातली इंग्रजी साठवलेली आहे. गार्डनर आणि डेव्हिस या दोघांनी २००७ साली त्यातली फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापद आणि चिमुकला शब्द यांच्या जोड्या, मोजली. जितक्या वेळा ती वापरली गेली होती, त्यातला निम्म्याहून जास्त वापर फक्त शंभरांचा निघाला. गो ऑन, कॅरी आउट, सेट अप, पिक अप, पॉइंट आउट, फाइंड आउट, ही त्यातली. हे ऐकून हायसं वाटायच्या आत दुसरी बाजू सांगते : या शंभरांना सरासरी पाच-सहा अर्थ आहेत. फोन पिक अप करतात, ऐरोलीच्या स्टेशनवरून कुणाला तरी पिक अप करतात, धंदा पिक अप होतो, सर्दीसुद्धा पिक अप होते. आणि रिक्षावाला म्हणतो, गाडीला पिकअप नाही. म्हणजे आकडा लहान आहे, पण प्रत्येकाला त्याच्या जागेवर पाहिल्याशिवाय तो ओळखू येत नाही.

तुमच्या बाबतीत ती जागा म्हणजे अकाउंट्स, आणि इथे तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखताय. अकरावीच्या बुककीपिंगमध्ये खातं बंद करताना ‘सी/डी’ आणि पुढच्या महिन्यात उघडताना ‘बी/डी’ लिहिलंत ना? कॅरीड डाउन आणि ब्रॉट डाउन. दोन्ही फ्रेझल व्हर्ब्ज, आणि वही भरून लिहिलीत. ‘बॅड डेट्स रिटन ऑफ’ म्हणजे बुडीत रक्कम सोडून दिली, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. तुम्हाला ज्याने गोत्यात आणलं तोच हा ‘ऑफ’. आता त्याचं बाकीचं गणगोत बघा. पे ऑफ : कर्ज पूर्ण फेडणं. सेट ऑफ : येणं देण्यात वळतं करणं. साइन ऑफ : तपासून मंजुरी देणं. कॉल ऑफ : ठरलेलं रद्द करणं. पुट ऑफ : पुढे ढकलणं. यातल्या एकाचाही अर्थ स्विच बंद करण्यासारखा नाही. त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते ‘कॉल ऑफ’ होतं, तिला हवं होतं ‘पुट ऑफ’. असे तुमच्या कामातले चाळीस-पन्नास निघतील. बाकीचे साडेनऊशे आत्ता कुणाला हवेत?

ते चाळीस गोळा कसे करायचे? एक साधी वही घ्या आणि तिच्यात क्लायंटने लिहिलेलं किंवा बोललेलं पूर्ण वाक्य उतरवा, रक्कम आणि नावं वगळून. समोर मराठी अर्थ लिहायची घाई करू नका. त्या वाक्यानंतर काय करावं लागलं ते लिहा : ‘पेमेंट गुरुवारी गेलं’, ‘सरांची सही आणली’, ‘इनव्हॉइस परत पाठवलं’. दिवसाला एखादंच मिळालं तरी पुष्कळ. आणि दर वेळी एक गोष्ट बघा, ‘इट’ कुठे बसलंय. यात बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा थांबून सांगते.

‘पुट ऑफ द पेमेंट’ चालतं, ‘पुट द पेमेंट ऑफ’ही चालतं. पण पेमेंटच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसणार : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कानाला लगेच खटकतं. याउलट ‘लुक इन्टू’ तुटत नाही. ‘आय विल लुक इन्टू इट’ हेच बरोबर, ‘लुक इट इन्टू’ कधीच नाही. तीन तुकड्यांचेही बहुतेक तुटत नाहीत : ‘रन आउट ऑफ इट’, ‘पुट अप विथ इट’. कुठला तुटतो आणि कुठला नाही हे पाठ करायची गरज नाही, कोशात दिसतं. मात्र कोश शिकणाऱ्यांसाठी केलेला हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. तिथे ‘पुट समथिंग ऑफ’ अशी नोंद असते. ‘समथिंग’ मध्ये आहे, म्हणजे तुटतो. ‘लुक इन्टू समथिंग’मध्ये ते शेवटी आहे, म्हणजे तुटत नाही. लाँगमन तर तुटणाऱ्याच्या मध्ये दुतोंडी बाणच काढून देतं. या जातीचा पहिला मोठा कोश हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवता शिकवता सहकाऱ्यांबरोबर केला आणि १९४२ साली तो टोकियोत छापला गेला. विद्यार्थी नेमके कुठे ठेचकाळतात ते रोज बघणाऱ्याने केलेलं काम आहे ते. इंग्रजी-मराठी कोशात ‘पुट’चे पन्नास अर्थ मिळतील, ‘इट’ कुठे ठेवायचं ते बहुधा मिळणार नाही.

वाचून कळतं आणि कॉलवर कळत नाही, याचं कारण वेगळं आहे. अमेरिकन माणूस ‘पुट इट ऑफ’ असे तीन शब्द म्हणतच नाही. तो म्हणतो ‘पुडिडॉफ’. दोन स्वरांमधला ‘ट’ त्यांच्या तोंडी ‘ड’सारखा होतो आणि तिन्ही शब्द चिकटतात. ‘चेक इट आउट’चं ‘चेकिडाउट’, ‘गेट इट ओव्हर विथ’चं ‘गेडिडोव्हर विथ’. वर आवाजाचा जोर शेवटच्या ‘ऑफ’वर पडतो, म्हणून तुम्हाला तेवढंच ऐकू आलं. तुमचा कान ठणठणीत आहे. त्याने जोराचा शब्द बरोबर पकडला, आधीचा चिकटलेला गठ्ठा त्याला सुटा करता आला नाही. तेव्हा वहीत उतरवलेलं प्रत्येक वाक्य ते जसं ऐकू येतं तसं देवनागरीत लिहा. हसू नका. ‘पुडिडॉफ’ लिहिता येतं ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे. टीम्स किंवा झूमवर कॅप्शन चालू ठेवायची परवानगी असेल तर चालू ठेवा, डोळे कानाला मदत करतात. कॉलचं रेकॉर्डिंग मात्र घरी न्यायच्या भानगडीत पडू नका, नोकरीवर बेतेल.

घरी ऐकायला काय, तर क्रिकेट. भावामुळे टीव्हीवर सतत मॅच असते असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण मला तर ते घबाडच वाटलं. २ नोव्हेंबर २०२५ ला तुमच्याच नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या सामन्याचे हायलाइट्स इंग्रजी समालोचनासह लावा. समोर काय घडलं ते डोळ्यांना दिसतंय, त्यामुळे अर्थासाठी कोश लागत नाही. रन आउट, रन अप, ऑल आउट, फॉलो ऑन तर आपण मराठीतच बोलतो. जरा कान दिलात तर ‘शी ब्रिंग्ज अप हर फिफ्टी’ ऐकू येईल : पन्नास पूर्ण झाल्या. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कोणी म्हणेल, ‘आय वॉन्ट टू ब्रिंग अप द पेंडिंग इनव्हॉइसेस’ : विषय काढायचाय. आणि तुम्ही स्वतःची ओळख करून देताना म्हणाल, ‘आय वॉज ब्रॉट अप इन कळवा.’ तीन जागा, तीन अर्थ, आणि तिन्ही लक्षात राहतील, कारण प्रत्येकाला चेहरा आहे. समालोचक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीचे असतात, तुमचे क्लायंट अमेरिकन, हा फरक आहेच. पण पहिले काही महिने त्याने अडत नाही.

आता कॉलवर अर्थ लागलाच नाही तर? विचारायचं. ‘मला समजलं नाही’ असं पडेल सुरात म्हणायची गरज नाही. काम आणि तारीख तुमच्या शब्दांत परत म्हणा : ‘जस्ट टू कन्फर्म, वी पे देम ऑन थर्सडे, राइट?’ त्या दिवशी एवढं एक वाक्य गेलं असतं तर बॅच वाचली असती. हे कमीपणाचं वाटत असेल तर ऐका, खुद्द इंग्रजांची आणि अमेरिकनांची यात फजिती होते. ‘लेट्स टेबल इट’ म्हटलं की ब्रिटिश माणूस विषय चर्चेला घेतो आणि अमेरिकन तो बाजूला ठेवतो, म्हणजे बरोबर उलट. ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली’ म्हटल्यावर ती सोमवारी की शुक्रवारी, यावर जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांतही दोन तट पडतात. मग तारीख उच्चारून घेणारी अकाउंट्सवाली कुणाला नको असेल? तुमच्या त्या ‘ऑफ मॅडम’ म्हणणाऱ्या मंडळींना पुढच्या चहाला हा बुधवारचा प्रश्न घाला आणि गंमत बघा.

इडियम्सबद्दल माझा सल्ला थोडा कडक आहे. ओळखायला शिका, वापरायला जाऊ नका. निदान वर्षभर. शाळेत आपल्याला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घोकून घेतलं, पण जुलैत ऐरोलीला गुडघाभर पाणी साचलं तरी तुमची क्लायंट ‘इट्स पोरिंग’ एवढंच म्हणेल. असे ठेवणीतले वाक्प्रचार अस्थानी वापरले की पाहुण्यांसमोर ‘आपले पाय आमच्या घराला लागले’ म्हणणाऱ्या परदेशी माणसासारखं होतं. चूक काही नसते, पण सगळे गालात हसतात. कामाच्या बोलण्यात येणारे इडियम्स मोजके आहेत, आणि अमेरिकनांचे बरेचसे बेसबॉलमधून आलेत. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण. ‘ऑफ द बॅट’ म्हणजे लगेच, आणि इथली बॅट क्रिकेटची नाही. बॉलपार्क फिगर मागितली असताना पैशापर्यंत हिशेब करत बसलात तर तुमचाच वेळ जाईल, म्हणून हे कळायला हवेत. उत्तरात मात्र सरळ आकडा सांगा.

मेल पाहिले. खरंच चांगले आहेत, पण त्यात आपल्याकडच्या ऑफिसांतल्या तीन-चार सवयी आहेत. ‘आय विल रिव्हर्ट बाय इव्हिनिंग’ तुम्ही दोनदा लिहिलंय. भारतात याचा अर्थ उत्तर देते. अमेरिकेत, त्यातही सॉफ्टवेअरशी संबंध असलेल्या माणसाला, केलेला बदल मागे घेते असं वाटू शकतं, आणि तुम्ही तो मेल लेजरमधल्या दुरुस्तीबद्दल लिहिलाय! ‘आय विल गेट बॅक टू यू’ लिहा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढा, नुसतं ‘कोप विथ’. ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतं आणि मला तो शब्द आवडतोही, पण तिकडे अनेकांना ठाऊक नसतो. तिथे ‘कॅन वी मीट अर्लियर, ऑन ट्यूसडे?’ पुरे. ‘सेटअप’ एकत्र लिहिलं की ते नाम, क्रियापद म्हणून लिहायचं तर ‘सेट अप’ असे दोन शब्द. ‘लॉगइन’ आणि ‘बॅकअप’चंही तेच. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’नंतर ‘हिअर’ नाही, ‘हिअरिंग’. आणि स्वतःची ओळख करून देताना ‘आय पास्ड आउट इन २०२०’ लिहिलंय, ते आजच बदला. तिकडे त्याचा अर्थ, २०२० साली मला चक्कर आली.

एका मेलमध्ये तुम्ही ‘पोस्टपोन’ वापरलाय आणि खाली मला विचारलंय की तिथे ‘पुट ऑफ’ हवं होतं का. नको होतं. ‘पोस्टपोन’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘टॉलरेट’ असे लॅटिन वळणाचे शब्द लिहिण्यात, विशेषतः करारात आणि हिशेबाच्या पत्रात, शोभून दिसतात. पुट ऑफ, लुक इन्टू, पुट अप विथ ही बोलण्यातली भावंडं. आपण जसं अर्जात ‘विलंब झाला’ लिहितो आणि तोंडाने ‘उशीर झाला’ म्हणतो. तुमचे मेल आहेत तसे औपचारिक राहू द्या, नवं शिकलेलं तोंडात येऊ द्या.

राहिला क्लास. अठरा हजार लहान रक्कम नाही. भरण्याआधी एक तास बसू द्या म्हणावं, आणि त्या तासात दोन गोष्टी बघा. तुम्ही स्वतः किती मिनिटं बोललात, आणि शिकवणाऱ्याने तुमच्या कामातलं एक तरी वाक्य विचारलं का. फळ्यावर ‘आजचे दहा इडियम्स’ लिहून सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेत असतील तर ती पीडीएफच आहे, फक्त एसी लावलेली. पाच-सहा जणांची बॅच असेल, मास्तर मध्ये थांबवून ‘इट’ची जागा बदलायला लावत असतील, तर महिनाभराचे पैसे भरून बघा. तीन महिन्यांचे एकदम भरू नका, आणि सोडल्यास पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. एसी कितीही गार असो.